फॉन्ट टाकूनही मराठी फाइल पुन्हा अगम्य होते : निदान, कारण आणि उपाय

तक्रार वर्षानुवर्षं तीच आहे. स्मरणिकेसाठी लेख मागवले, वर्डच्या फाइली आल्या, उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि टिंबं-चिन्हं. पाठवणाऱ्याला फोन केला, त्याने फॉन्टची फाइल पाठवली, ती टाकली आणि मजकूर दिसला. प्रश्न मिटला असं वाटतं. सहा महिन्यांनी लॅपटॉप बदलला, किंवा तीच फाइल मोबाइलवर उघडली, किंवा त्यातला एक परिच्छेद मेलमध्ये चिकटवला, की पुन्हा तेच. सोसायटीची सभासद यादी, संस्थेची इतिवृत्तं, लेखकाची जुनी पुस्तकं, न्यायालयातले मसुदे, सगळीकडे हाच प्रकार.

मग कुणीतरी सांगतं, "फॉन्ट टाका." हा सल्ला चुकीचा नाही, पण त्याने रोग झाकला जातो. त्या फाइलमध्ये मराठी मजकूर नसतोच. इंग्रजी अक्षरांची एक रांग असते आणि फॉन्ट त्या प्रत्येक अक्षराच्या जागी देवनागरीचा एक तुकडा काढून दाखवतो. फॉन्ट गेला की मराठी गेली.

आधी निदान

"मराठी दिसत नाही" या एका वाक्याखाली किमान चार वेगळे आजार येतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. म्हणून काही टाकण्याआधी किंवा बदलण्याआधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा आणि नीट बघा.

मजकुराचा एक परिच्छेद निवडा आणि त्याला एरियल किंवा टाइम्स न्यू रोमन लावा. मराठी मराठीच राहिली तर मजकूर युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला संकेत देणाऱ्या मानकातला; अडचण दुसरीकडे शोधा. इंग्रजी अक्षरांचा कचरा झाला तर तो जुन्या खासगी संकेतातला मजकूर आहे, आणि या लेखाचा बराचसा भाग त्याच्याबद्दल आहे.

रिकामे चौकोन दिसत असतील तर उलट आनंद माना. मजकूर शाबूत आहे, दाखवायला फॉन्ट नाही एवढंच. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट मूळ मांडणीत येत नाहीत. सेटिंगमधल्या ऐच्छिक सुविधांतून देवनागरीचे पूरक फॉन्ट वेगळे घ्यावे लागतात. निर्मला यूआय मात्र असतोच, त्यामुळे सहसा मजकूर दिसतो, फक्त पानांची मांडणी हलते.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान 'ए' दर दोन-तीन चिन्हांनी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तो यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची नेहमीची रीत) मधला चांगला मजकूर अक्षर-संकेतांच्या चुकीच्या तक्त्याने वाचला जातोय. हे बहुतेक वेळा एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल दुहेरी क्लिकने उघडल्यावर होतं. फाइल बंद करा, सेव्ह करू नका. कोरी एक्सेल उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि नुसती प्रश्नचिन्हं, एकामागून एक? तो मजकूर गेला. कुणीतरी युनिकोड मजकूर 'एएनएसआय' म्हणून, म्हणजे देवनागरीला जागाच नसलेल्या जुन्या तक्त्यात, सेव्ह केला किंवा डेटाबेसचा रकाना युनिकोडचा नव्हता. प्रश्नचिन्हांतून अक्षरं परत काढणारं साधन नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका. मूळ प्रत शोधा. २०१९ मधल्या विंडोज १० च्या सुधारणेपर्यंत नोटपॅड मुळातच एएनएसआयमध्ये सेव्ह करायचं, त्यामुळे त्याआधीच्या फाइलींत हा अपघात बराच सापडतो.

आत नेमकं काय असतं

कृतिदेव हा जुन्या पद्धतीचा फॉन्ट घेऊ, कारण तो सगळीकडे आहे. 'मराठी' हा शब्द कृतिदेवमध्ये लिहिला तर फाइलमध्ये पाच इंग्रजी अक्षरं जातात : लहान ई, लहान जे, लहान के, मोठा बी, लहान एच. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. संगणकाच्या दृष्टीने हा शब्द इंग्रजीच आहे. म्हणून वर्ड त्याखाली लाल रेघ ओढतं, शोध घेतला तर सापडत नाही, अकारविल्हे लावली तर यादी ए-बी-सी-डीने लागते. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर तो शब्द "ई जे के बी एच" असा वाचतो.

यात आणखी एक गुंता आहे. टंकलेखन यंत्रासारखं अर्ध्या अक्षरांना काना जोडून पूर्ण अक्षर करता येतं. म्हणजे म दोन प्रकारे लिहिता येतो : थेट पूर्ण म, किंवा अर्धा म आणि काना. पडद्यावर दोन्ही सारखे, फाइलमध्ये वेगळे. एकाच फाइलमध्ये, एकाच फॉन्टमध्ये, एकाच ऑपरेटरने टाइप केलेला शब्द म्हणूनच कधी सापडतो, कधी नाही.

वर्डची स्वयंदुरुस्ती यात भर घालते. कृतिदेवमध्ये अर्धा श आणि अर्धा ष अवतरणचिन्हांच्या कळेवर आहेत. वर्ड साध्या अवतरणचिन्हाला आपोआप वळणदार करतं आणि श बिघडतो. 'वाक्याचं पहिलं अक्षर मोठं कर' हा पर्याय चालू असेल तर वाक्यारंभीचा म अर्धा होतो. अशा फाइलीत अजून काम करायचंच असेल तर स्वयंदुरुस्तीचे हे दोन पर्याय आधी बंद करा.

मानक होतं, तरी असं का झालं

हा भाग वगळून थेट उपायाकडे गेलात तरी चालेल. पण समस्या पुन्हा पुन्हा का येते हे इथे कळतं.

देवनागरीसाठी संगणकीय मानक उशिरा आलं असं नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८८ मध्ये इस्कीची, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या संकेत-मानकाची, सुधारित आवृत्ती दिली आणि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून ती स्वीकारली. रचना सुंदर होती. आठ बिटांच्या तक्त्यात खालच्या अर्ध्यात इंग्रजी जसंच्या तसं, वरच्या अर्ध्यात भारतीय लिपी. क चा संकेत मराठी, गुजराती, तेलुगू, बंगाली सगळ्यांना एकच. मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवायचा आणि वेलांटी कुठे काढायची, रफार कुठे चढवायचा हे दाखवणाऱ्या यंत्रणेवर सोडायचं. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातला देवनागरीचा भाग इस्की-१९८८ वरच बेतलेला आहे. म्हणजे एकाच वर्षी दोन उघडी मानकं हातात होती, आणि दोघांचा क्रमही एकच.

अडचण खरी होती ती पडद्याची. विंडोज ३.१ आणि विंडोज ९५ ला देवनागरी जोडाक्षरं काढता येत नव्हती. कंपन्यांनी तोडगा काढला : इंग्रजी फॉन्टच्या दोनशेच्या आसपास जागांत देवनागरीचे तुकडे बसवायचे आणि ते शेजारी शेजारी ठेवून अक्षर जुळवायचं. या जुगाडाला मी नावं ठेवणार नाही. त्यावर मराठी वृत्तपत्रं निघाली, पुस्तकं छापली गेली, खिळे जुळवणारे छापखाने डीटीपीवर आले. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरी येईपर्यंत दुसरा सोपा मार्ग नव्हता.

दोष दुसरीकडे आहे. दाखवायला जुगाड लागतो म्हणून साठवायलाही जुगाडच लागतो असं नाही. फाइल इस्कीत ठेवून फक्त पडद्यावर आपले तुकडे वापरता आले असते. त्याऐवजी प्रत्येकाने स्वतःचा तक्ता केला, तो छापला नाही, आणि ग्राहकाचा मजकूर त्या तक्त्यातच साठू दिला. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती ही त्यातली काही नावं, प्रत्येकाचा तक्ता वेगळा. इस्कीशी ज्या सी-डॅकचं नाव जोडलेलं, त्या सार्वजनिक पैशावर चाललेल्या पुण्याच्या संस्थेनेही फॉन्टसाठी इस्फॉक नावाचा स्वतंत्र संकेत काढला, आणि त्यातही एकभाषी, द्विभाषी, वेबसाठीचे असे फॉन्टचे निरनिराळे संच. सरकारी कार्यालयांत डीव्हीबी-टीटी सुरेख आणि योगेशमधल्या फाइलींचे गठ्ठे पडले ते यातूनच. महागड्या पॅकेजांना वर डोंगलचं कुलूप : संगणकाच्या मागे ते हार्डवेअर लावलेलं नसेल तर सॉफ्टवेअर चालायचं नाही. एकदा पाच वर्षांचा मजकूर त्यात साठला की ग्राहक कुठे जाणार? पुढच्या आवृत्तीचे पैसे भरणार. युनिकोड आल्यावर त्यातल्याच काहींनी कन्व्हर्टरही विकले. घराची किल्ली स्वतःकडे ठेवायची आणि मालकाकडून दर वेळी कुलूप उघडण्याचे पैसे घ्यायचे, असा तो धंदा.

फरक किती पडला हे तपासायचा सोपा मार्ग आहे. १९९३ ची एखादी इस्की फाइल आज कुणाच्या फ्लॉपीवर सापडली, तर ती जवळपास अचूकपणे युनिकोडमध्ये आणता येते. विंडोजमध्ये तिच्यासाठी ५७००२ क्रमांकाचं कोडपेज आहे, आयसीयू या मुक्त लायब्ररीत इस्कीचा कन्व्हर्टर आहे. कुणाची परवानगी नको, डोंगल नको, कारण तक्ता मानक ब्यूरोच्या दस्तऐवजात छापलेला आहे. त्याच वर्षीची खासगी फॉन्टमधली फाइल असेल तर आधी फॉन्टचं नाव शोधा, मग त्याची मालिका, मग त्या मालिकेसाठी कुणी तक्ता उलगडून ठेवला आहे का ते बघा. आज फुकट मिळणारे बहुतेक कन्व्हर्टर हौशी लोकांनी फॉन्ट उघडून, एकेक तुकडा बघून तयार केले आहेत. ज्यांनी तक्ते केले त्यांनी ते उघड केले असते तर हे काम एका दुपारचं होतं.

आणि अजूनही हे का चालू आहे? २००९ पासून केंद्राच्या ई-गव्हर्नन्सच्या मानकात युनिकोड आहे, मोबाइलवर तर दुसरं काही चालतच नाही. तरी डीटीपीच्या दुकानात आजही नवीन फाइल जुन्या संकेतात जन्माला येते. कारण पेजमेकर, पानं जुळवण्याचं जुनं सॉफ्टवेअर. त्याची शेवटची मुख्य आवृत्ती, सातवी, २००१ मधली. तिला युनिकोड देवनागरी कळत नाही. ऑपरेटरचा हात तिच्यावर बसलेला, टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन कळफलकाची सवय पक्की, जुन्या कामांचे साचे त्यातच. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला पानामागे पैसे मिळतात.

उपाय : आधी कळफलक, मग फाइली

बहुतेक लोक उलट करतात. जुन्या फाइली रूपांतरित करत बसतात आणि शेजारच्या टेबलावर नवीन फाइल जुन्याच पद्धतीने तयार होत असते. नळ चालू ठेवून फरशी पुसू नका.

विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाण कळफलक तिथेच असतो, आणि २०१९ पासून मराठी फोनेटिकही आहे, इंग्रजी कळांनी उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी. नव्याने शिकणाऱ्याला मी इन्स्क्रिप्टच सुचवतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि लिनक्सपासून अँड्रॉइडपर्यंत सगळीकडे तीच रचना. पण वीस वर्षं रेमिंग्टनवर काम केलेल्या माणसाला इन्स्क्रिप्ट शिकायला लावू नका, तो चार दिवसांत परत कृतिदेवकडे जाईल. रेमिंग्टनच्या कळांवरून युनिकोड उमटवणारी साधनं मिळतात, ती लावून द्या. त्याची बोटं तीच राहू देत, फाइलमध्ये जाणारा संकेत तेवढा बदलला पाहिजे.

काही व्यावसायिक पॅकेजांत युनिकोड आणि जुना असे दोन्ही पर्याय असतात, आणि जुना पर्याय निवडलेला राहून गेलेला असतो. वर दिलेली एरियलची परीक्षा नव्या फाइलीवर घ्या. फॉन्टच्या नावावर विश्वास ठेवू नका, एकाच नावाचे दोन्ही प्रकारचे फॉन्ट बाजारात आहेत.

रूपांतर करताना

सगळ्यात महत्त्वाची सूचना : पूर्ण फाइल निवडून कन्व्हर्टरच्या खिडकीत चिकटवू नका. चिकटवलं की फॉन्टची माहिती जाते. मग मजकुरातले खरे इंग्रजी शब्द, ईमेल पत्ते, संदर्भ कन्व्हर्टरला मराठीच वाटतात आणि त्यांचीही खिचडी होते. लेखकाने मध्येच दुसरा मराठी फॉन्ट वापरला असेल तर तेवढा भाग चुकीच्या तक्त्याने जातो आणि ते लगेच लक्षातही येत नाही.

म्हणून काम फॉन्टनिहाय करा. वर्डमध्ये 'फाइंड'च्या खिडकीत 'मोअर', मग 'फॉरमॅट', मग 'फॉन्ट' असं जाऊन कृतिदेव ०१० मधलाच मजकूर निवडता येतो. फाइली शेकड्याने असतील तर एखाद्या जाणत्या प्रोग्रामरला सांगा. डॉकएक्स ही आतून झिप असते, प्रत्येक तुकड्याशेजारी फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं, त्यावरून स्क्रिप्ट लिहिणं अवघड नाही. जुन्या डॉक फाइली आधी लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरने डॉकएक्स किंवा ओडीटी (लिबरऑफिसचा स्वतःचा फाइल-प्रकार) करून घ्या.

रूपांतरानंतर अक्षरांचा आकार एकदम लहान-मोठा झाला तर घाबरू नका. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' धरतं आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा वेगळा ठेवतं. फॉन्टच्या खिडकीत त्या नावाचा स्वतंत्र चौकोन आहे, तिथे बदला. लिबरऑफिसमध्ये त्यालाच 'सीटीएल' म्हणतात.

आता चुका. कन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी त्या होतात, आणि त्या ठरावीक जागी होतात.

पहिली जागा ऱ्हस्व वेलांटी आणि रफार एकत्र येतात ती. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोघांची जागा उलटी. कन्व्हर्टरने वेलांटी सरकवली पण रफार तिथेच विसरला की 'आर्थिक'चं 'आथिर्क' होतं, 'धार्मिक'चं 'धामिर्क'. इंटरनेटवरच्या जुन्या मराठी बातम्यांत हे शब्द ढिगाने सापडतात, त्या याच मार्गाने आल्या आहेत. मोह होतो की एकच फाइंड-रिप्लेस चालवावं : अक्षर, वेलांटी, मग अर्धा र दिसला की र अक्षराच्या आधी आणावा. तसं सरसकट केलंत तर 'निर्णय', 'निर्माण', 'फिर्याद', 'शिर्के' सगळे मोडतील, कारण तिथे तो क्रमच बरोबर आहे. आधी सापडलेल्या सर्व शब्दांची यादी काढा, बरोबर असलेले वगळा, उरलेल्यांवर बदल चालवा. शब्द फार नसतात, तेच तेच येतात.

दुसरी जागा खास मराठीची आहे. फुकटचे बरेचसे कन्व्हर्टर हिंदीसाठी केलेले असतात आणि हिंदीत 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड' मधला अर्धचंद्रासारखा र नसतो. तो एकतर रफार होऊन जातो, म्हणजे दऱ्याखोऱ्यांचं 'दर्याखोर्यां' होतं, किंवा मध्येच तुटून पाय मोडलेला र दिसतो. शिवाय हा र युनिकोडमध्ये लिहिण्याच्या दोन रीती आहेत : खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही वैध, दिसायला सारखे, शोधताना वेगळे. एक रीत ठरवा आणि सगळ्या फाइलींत तीच करून घ्या. मी पहिली घेतो. न दिसणारी चिन्हं फाइलीतून फाइलीत जाताना गळून पडतात.

'ॲ'चंही तसंच. 'ॲप', 'ॲड.' मधलं अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्रपणे आलं. त्याआधी अ ला चंद्र जोडून ते लिहायचे आणि आजही कित्येक कळफलक तसंच लिहितात. 'ॲड.' शोधून वकिलांची अर्धीच यादी मिळते ती त्यामुळे. विसर्ग तपासायला विसरू नका : टाइप करणाऱ्याने विसर्गाऐवजी कोलन मारलेला असतो आणि 'दुःख', 'अंतःकरण', 'स्वतः' हे तसेच राहतात. त्यासाठी देवनागरी अक्षराला चिकटून आलेला आणि पुढे लगेच देवनागरी अक्षर असलेला कोलन शोधा. 'स्वतः' सारखे शब्द मात्र हातानेच बघावे लागतात.

आकडे, तारखा, रकमा, फोन नंबर छापील प्रतीशी डोळ्यांनी पडताळा. मुद्रितशोधन टळत नाही, कमी होतं.

फक्त पीडीएफ असेल तर

पीडीएफमधून मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरला देण्याचा खटाटोप मी करत नाही. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये तुकड्यांचे संकेत बनवतानाच पुन्हा बदललेले असू शकतात, आणि ओळी, रकाने, शब्दांमधली जागा यांचाही भरवसा नसतो. पीडीएफच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फॉन्ट्स'चा टॅब बघा. तिथे निर्मला, मंगल, नोटो, मुक्त अशी नावं असतील तर मजकूर युनिकोडचा आहे (कॉपी केल्यावर वेलांट्या थोड्या हलतील, तेवढंच). कृतिदेव, श्रीदेव, डीव्हीबी असं काही असेल तर सरळ ओसीआर करा, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखून घ्या. पानाचं चित्र तर बरोबरच आहे ना? टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी वाचतं, गूगल ड्राइव्हवर टाकलेली पीडीएफ गूगल डॉक्समध्ये उघडली तरी मजकूर निघतो. स्वच्छ छपाई असेल तर जुन्या फॉन्टच्या कन्व्हर्टरपेक्षा हे कमी त्रासाचं पडतं.

"पण डीटीपीत युनिकोड चालत नाही"

हे उत्तर अजून ऐकू येतं. पेजमेकरबद्दल ते खरं आहे. इनडिझाइन या पानं जुळवण्याच्या नव्या सॉफ्टवेअरबद्दल नाही : २०१२ च्या सीएस६ पासून त्यात मराठीसह दहा भारतीय भाषांचा आधार आहे. परिच्छेदाच्या पर्यायांत 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा लागतो, तो मुळात निवडलेला नसतो. तो न निवडता मराठी टाकली की वेलांट्या उलट्या पडतात आणि जोडाक्षरं सुटतात, मग निष्कर्ष निघतो की युनिकोड चालत नाही. फोटोशॉपमध्येही असाच एक पर्याय टाइपच्या सेटिंगमध्ये आहे.

सुंदर फॉन्ट नाहीत ही तक्रार दहा-बारा वर्षांपूर्वी रास्त होती. आता 'एक टाइप' या गटाचे 'मुक्त' आणि 'बालू', आयआयटी मुंबईतून आलेला शोभिका, मराठी वळणाचा टिरो देवनागरी मराठी, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, हे सगळे मोफत आहेत. ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमून बघा, काही फॉन्ट त्यावरून आकार बदलतात. लग्नपत्रिकांचे नक्षीदार फॉन्ट आणि फ्लेक्सवरचे जाडजूड मथळे अजून बरेचसे जुन्या संकेतात आहेत. तिथे हट्ट धरू नका. मथळा कोरलड्रॉमध्ये कर्व्हज करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, छापायचाच असतो, त्याचा मजकूर कुणाला नंतर शोधायचा नसतो.

रूपांतर झालेला मजकूर कशात ठेवायचा, हेही विचारतात. लांब टिकवायचं असेल तर साधी यूटीएफ-८ मजकूर फाइल आणि सोबत ओडीटी. ओडीटी ज्यात मोडतं ते ओडीएफ २००६ पासून आयएसओचं मानक आहे. डॉकएक्सचं मानकही २००८ मध्ये मंजूर झालं, भारताने त्याविरुद्ध मत दिलं होतं. पण वर्ड मुळात त्याचा 'स्ट्रिक्ट' प्रकार लिहीत नाही, जुन्या सवयी सांभाळणारा 'ट्रान्झिशनल' लिहितं. रोजच्या देवघेवीला डॉकएक्स ठीक आहे. जपून ठेवण्याची प्रत मी त्यात ठेवत नाही.

पुढचं पुस्तक किंवा स्मरणिका छपाईला देताना कामाच्या पत्रात दोन ओळी घाला : छपाईच्या पीडीएफसोबत अंतिम दुरुस्त्या झालेला संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ फाइल म्हणून मिळावा, आणि शेवटचं बिल ती फाइल तपासल्यावर दिलं जाईल. तपासायला एरियलची परीक्षा आणि 'ऱ्या', 'र्थि', 'ॲ' एवढे तीन शोध पुरेसे आहेत. छापखाना कुरकुर करेल, कारण दुरुस्त्या शेवटच्या क्षणी थेट पानावर केलेल्या असतात आणि त्या मजकूर फाइलीत परत घालणं हे जादा काम आहे. त्याचे वेगळे पैसे मागितले तर द्या. पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती काढताना तोच मजकूर पुन्हा टाइप करून घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.